आधी बोला, मग ठरवा

(विवाहित जोडप्यांच्या मेळाव्यात आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)

म्हैस घ्यायची झाली तर आपल्या घरात आठ आठ दिवस खल चालतो. वेत कितवे, दूध किती, चारा पुरेल का, पैसे कुठून उभे करायचे, सगळे बोलून होते. शेजारच्या जाणत्या माणसालाही विचारतो. पण दुसरे मूल कधी हवे, तिसरे हवे की नको, आता थांबायचे का, यावर तुमच्यापैकी किती जोडपी एकमेकांशी सरळ बोलली आहेत? हात वर करायला सांगत नाही. मनातल्या मनात उत्तर द्या.

कुटुंबनियोजनाच्या साधनांची माहिती मी आज देणारच आहे. पण आधी बोलणार आहे ते बोलण्याबद्दल. साधन सरकारी दवाखान्यात मिळते, तेही फुकट. ते घ्यायचे की नाही, कोणी घ्यायचे, कधी घ्यायचे, हा विचार मात्र घरातच व्हावा लागतो. तिथेच आपली गाडी अडते.

बोलण्याच्या चार तऱ्हा

माणसागणिक बोलण्याची तऱ्हा निराळी असते. गावोगाव जोडप्यांशी बोलताना मला मुख्यतः चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा घुम्या माणसाची. मनात पुष्कळ असते, ओठावर काही येत नाही. विचारले की एकच शब्द, "बघू." आता हा "बघू" मोठा फसवा शब्द आहे. एका घरात त्याचा अर्थ "नाही" असतो, दुसऱ्या घरात "हो" असतो, आणि तिसऱ्या घरात "मला भीती वाटते, पण सांगवत नाही" असा असतो.

दुसरी तऱ्हा फटकळ माणसाची. मनात आले की बोलून मोकळा. त्याच्या लेखी तो नुसता विचार असतो, सकाळी विसरूनही जातो. ऐकणाऱ्याला मात्र तो निकाल वाटतो. "मला नाही असलं काही चालायचं," असे एकदा जोरात म्हटले की बायको पुन्हा तो विषय वर्षभर काढत नाही.

तिसरी तऱ्हा आडून बोलणाऱ्याची. लेकी बोले सुने लागे. बायको भाकरी थापताना म्हणते, "वरच्या आळीतल्या वहिनींनी तांबी बसवून घेतली म्हणे." तिला खरे तर विचारायचे असते, "मी पण बसवून घेऊ का?" नवरा म्हणतो, "तुला कशाला गं लोकांच्या घरच्या चौकशा?" झाले, विषय चुलीत गेला. मग भांड्यांची आदळआपट होते, नाहीतर पोराकरवी निरोप जातो, "जा, तुझ्या बाबांना सांग, जेवायचं असलं तर या."

चौथी तऱ्हा हसण्यावारी नेणाऱ्याची. निरोधचा विषय निघाला की पारावर हसू, घरात हसू. हसून झाले की विषयही गेला.

यातली कुठलीच तऱ्हा मुळात वाईट नाही. ती आपण आपापल्या घरी शिकलो. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात, एरवी "अहो", नाहीतर "ऐकलं का?" त्यात मान आहे, गोडीही आहे. पण ज्याला नावाने हाक मारायची चोरी, त्याच्याशी पाळी, निरोध, तांबी यांबद्दल बोलायचे कसे, हे त्या मुलीला कोणी शिकवले नाही. आणि बाईमाणसापुढे मन उघडे केले तर कमीपणा येतो, असे मुलग्यावर बिंबवलेले असते. दोन निराळ्या शाळांतून शिकून आलेली दोन माणसे एका घरात संसार करतात. घोटाळा व्हायचाच.

न बोलल्याने काय होते

एक जोडपे डोळ्यांपुढे आणा. दोन मुले आहेत. धाकटी दहा महिन्यांची, अजून अंगावर पिते. बायको मनात म्हणते, "यांना अजून एक मूल हवं असेल. आत्याबाई नातवाचा विषय काढतात तेव्हा हे गप्प बसतात." नवरा मनात म्हणतो, "हिला नको असतं तर बोलली असती की." सासू मनात म्हणते, "दोघंही काही म्हणत नाहीत, म्हणजे त्यांच्याही मनात आहे." तिघेही गप्प, आणि तिघांचाही अंदाज चुकलेला. अशात पाळी चुकते.

पहिल्या बाळंतपणात गेलेले रक्त अजून भरून आलेले नाही. नर्सबाई सांगतात, अंगात रक्त कमी आहे. खुरपणीला जाववत नाही, मजुरी बुडते. धाकटीचे दूध आटू लागते, ती किरकिरी होते. आणि मग रात्री भांडण. "तू आधी का नाही सांगितलंस?" "तुम्ही कधी विचारलंत?" बंधूंनो, दोघांचेही खरे आहे. दोष कोणा एकाचा नाही. दोघांनी एकमेकांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपापल्या मनाने लावला.

बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे दोन मुलांत साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. तेवढ्यात आईच्या अंगात रक्त भरते, आणि पहिल्या मुलाला दूध आणि लक्ष दोन्ही मिळते. अंतर कमी पडले तर मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

चोरून केलेल्या गोष्टीचेही असेच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो, पण इथे ती म्हण चालत नाही. बायको घरी न सांगता गोळ्या घेते. पाकीट डब्यात लपवते. पाहुणे आले, डबा काढता आला नाही, गोळी चुकली. किंवा पाकीट नवऱ्याच्या हाती लागते आणि नको तो संशय उभा राहतो. ती का लपवते? बोलले तर काय होईल याची धास्ती असते म्हणून. अशा वेळी पाकिटाचा राग धरण्याआधी नवऱ्याने तिला धास्ती का वाटली, हे स्वतःला विचारावे.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात दिसले की विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे नऊ जणींना मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, तरीही त्या कुठलेच साधन वापरत नाहीत. कारणे अनेक आहेत. पण "घरात विषयच निघाला नाही" हे कारण मला गावोगाव ऐकू येते.

पुरुषमंडळी का गप्प बसतात

त्याच पाहणीत शंभरातल्या पस्तीस पुरुषांनी सांगितले की कुटुंबनियोजन हे बायकांचे काम आहे, पुरुषाने त्यात लक्ष घालायचे कारण नाही. त्याचा परिणामही त्याच पाहणीत दिसतो. दर हजार विवाहित जोडप्यांमागे बायकोची शस्त्रक्रिया झालेली जोडपी सुमारे ३७९, आणि नवऱ्याची झालेली अवघी ३.

पुरुषांच्या मनात भीती आहे, आणि तिला कारणही आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशात अनेक ठिकाणी सक्तीने नसबंदी झाली. माणसे पकडून नेल्याच्या गोष्टी घरोघर सांगितल्या गेल्या. ते चूक होते. आज कोणावर सक्ती करता येत नाही, करूही नये. पण त्या वेळची भीती बापाकडून मुलाकडे आली, आणि बोलून तिचे निरसन कधी झाले नाही.

दुसरी भीती ताकद जाण्याची. तिचे उत्तर स्पष्ट आहे. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही काही मिनिटांची शस्त्रक्रिया आहे. पोट उघडावे लागत नाही, टाका पडत नाही. त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस विश्रांती, मग हलके काम. आठवड्यानंतर सायकल आणि शेतातले जड काम. पुरुषत्व जात नाही, ताकद जात नाही, शरीरसुख कमी होत नाही. फक्त वीर्यातले बीज बाहेर येत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो, आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते.

बायकांची शस्त्रक्रिया पोटातली असते, म्हणून ती पुरुषाच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठी. हे माहीत असूनही नवऱ्याने स्वतःचा विचार करायचा की नाही, ते त्याने ठरवावे. पण निदान विषय काढावा. "तू कर" म्हणण्याआधी "मी करू का?" एवढे विचारले तरी बायकोच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

बोलायचे कसे

जागा आणि वेळ आधी निवडा. एका खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे हे बोलणे होणार नाही. शेताच्या बांधावर, बाजारातून परत येताना, विहिरीकडे जाताना, जिथे दोघेच असाल तिथे बोला. दमून भागून घरी आल्याबरोबर नको. भांडण चालू असताना नको. दारू प्यालेल्या माणसाशी तर मुळीच नको. नवरा कामाला शहरात असेल तर फोनवर बोलताना आधी विचारा, "जवळ कोण आहे?" शेजारी सासरे बसलेले असताना बायको "हो, हो" म्हणणार. त्या "हो"ला अर्थ नसतो.

सुरुवात स्वतःपासून करा. "तुम्हाला माझी काही काळजीच नाही" असे म्हटले की समोरचा भांडायला उभा राहतो. "मला भीती वाटते, मला अजून चक्कर येते" असे म्हटले की तो ऐकायला बसतो.

फटकळ माणसाने बोलून झाल्यावर थांबावे आणि विचारावे, "तुला काय वाटतं?" आणि मग खरोखर गप्प बसावे. बायको लगेच बोलणार नाही. चार पावले चालून झाल्यावर बोलेल. तेवढी वाट बघा.

घुम्या माणसाला एका दमात उत्तर मागू नका. "आज सांगू नका, पण रविवारपर्यंत विचार करून सांगा," असे म्हणा. आणि तो "बघू" म्हणाला, तर हळूच विचारा, "बघू म्हणजे काय समजू?"

आडून बोलणाऱ्याला सरळ वाट करून द्या. बायकोने वरच्या आळीतल्या तांबीची गोष्ट काढली, तर नवऱ्याने विचारावे, "तुझ्या मनात आहे का?" चार शब्द आहेत, पण दार उघडते.

नमुन्यादाखल एक बोलणे सांगते.

ती म्हणते, "अहो, एक बोलू का? रागवायचं नाही."
"बोल."
"धाकटी अजून लहान आहे. मला इतक्यात दुसरं झेपायचं नाही."
तो थोडा वेळ बोलत नाही. मग म्हणतो, "मला वाटलं, तुला हवंय."
"मला वाटलं, तुम्हाला हवंय."
"आईचं काय करायचं?"
"आधी आपलं तर ठरू दे. आत्याबाईंशी तुम्ही बोला. मी बोलले तर उलटं बोलले असं होईल."
"बरं. मंगळवारी दवाखान्यात दोघं जाऊ. मला पण ऐकायचंय काय काय असतं ते."

बस्स, एवढेच. एका दिवसात सगळे ठरत नाही. पण अंदाजावर चाललेला संसार पुन्हा बोलण्यावर येतो.

आत्याबाईंशी बोलताना

सासू नातवंडे मागते म्हणून तिला वाईट ठरवू नका. ती तिच्या काळाच्या अनुभवातून बोलते. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. चार झाली तर दोन हाती लागतील, असा त्या वेळचा हिशेब होता. २०२० साली हा आकडा २८ वर आला. लस, पोषण, दवाखान्यातले बाळंतपण यांमुळे आता झालेली मुले जगतात. हे तिला वाद घालून नव्हे, समजावून सांगायचे. आणि ते तिच्या मुलाने सांगायचे. "आई, तुझी काळजी मला कळते. पण आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलंय." यातला "दोघांनी मिळून" हा शब्द महत्त्वाचा. तो नसला तर सगळा राग सुनेवर निघतो.

मुलगाच हवा म्हणून बायकोला बोल लावणाऱ्यांनी एक शास्त्र ध्यानात घ्यावे. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. बाईच्या हाती ते नाही, आणि बापाच्या इच्छेवरही नाही. गर्भाचे लिंग तपासणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

साधने : हे दोघांनी मिळून ऐकावे

साधन एकाने घेतले तरी त्याचे परिणाम दुसऱ्याला माहीत हवेत. नाहीतर गैरसमज होतात.

निरोध : दर वेळी नवा वापरावा. लैंगिक आजारांपासूनही रक्षण होते.

माला-एन गोळी : रोज एक, ठरल्या वेळी. नवऱ्याने आठवण करून दिली तर चुकत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये.

छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी; नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणारीला चालते. पाळी उशिरा येऊ शकते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होते, पुढे बंदही राहू शकते. बाहेरचे रक्त आत साठते, हा समज खोटा आहे. थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने उशीर लागू शकतो, म्हणून पुढचे मूल कधी हवे हे आधी बोलून घ्यावे.

तांबी : पाच किंवा दहा वर्षांची मिळते. बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते. हवी तेव्हा काढता येते.

शस्त्रक्रिया : पुरुषाची किंवा स्त्रीची. कायमची समजूनच करावी. मनात किंतु असेल तर थांबा, तोवर दुसरे साधन वापरा.

अडीअडचणीची गोळी : संबंध आल्यावर जितक्या लवकर घ्याल तितकी बरी, ७२ तासांच्या आत. ही रोजच्या वापराची नव्हे.

कुठले साधन कोणाला चालेल, हे डॉक्टर किंवा नर्सबाई तपासून सांगतील. काही त्रास झाला तर मनाने बंद करू नका, परत दाखवा. आशाताई गावातच आहेत, त्यांनाही विचारता येते.

नको असताना दिवस राहिलेच, तर गावठी औषध, वैदू यांच्या नादी लागू नका. १९७१ च्या कायद्याने, २०२१ च्या सुधारणेसह, मान्यताप्राप्त केंद्रात डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरते. उशीर करू नका, कारण दिवस जितके कमी तितका धोका कमी.

एक गोष्ट स्पष्ट सांगते

दोघांनी बोलून ठरवावे, हे मी सांगितले. याचा अर्थ बायकोने परवानगी मागत राहावे असा नाही. शरीर तिचे आहे. साधन घेण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही लागते, असा सरकारी नियम नाही. ज्या घरात तोंड उघडले की हात उगारला जातो, तिथल्या बहिणीला "गोड बोलून बघ" असे मी सांगणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसू नका. १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते. नर्सबाईंना एकांतात सांगा. तुमचे बोलणे त्यांनी इतरांना सांगायचे नसते.

पण बहुतेक घरांत मारझोड नसते, वैरही नसते. असतो तो नुसता संकोच. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हाच संकोच मोडायचा प्रयत्न केला. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस साऱ्या समाजापुढे जे बोलला, ते आपल्याला आपल्याच माणसाशी बोलायला काय हरकत आहे?

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, हे पत्रक घरी न्या. ज्याला वाचता येते त्याने दुसऱ्याला वाचून दाखवा. आणि येत्या आठ दिवसांत, दोघेच असताना, एकमेकांना तीन प्रश्न विचारा :

१. आपल्याला अजून मूल हवे आहे का?
२. हवे असेल तर कधी?
३. तोवर साधन कुठले, आणि ते आपल्यापैकी कोणी वापरायचे?

उत्तरे जुळली नाहीत तरी घाबरू नका. पुन्हा बोला. आणि अडले तर दोघे मिळून आरोग्य केंद्रात या.

मनातले मनात ठेवू नका. आधी बोला, मग ठरवा.